अण्णांच्या नंबरला गेलेलं आवतण

माझ्या काउंटरवर फोन ठेवला की गिऱ्हाईक लगेच हात सोडत नाही. बायका तर नाहीच. स्क्रीनचा चुरा झालेला असतो, काच बोटाला टोचत असते, तरी फोन धरून उभ्या राहतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "ताई, लॉक सांगायलाच लागेल का?"

मी सांगते, नाही लागणार. काच बदलायला लॉक लागत नाही. बॅटरीला लागत नाही, चार्जिंगच्या जॅकला लागत नाही. टच नीट चालतो का एवढं बघायचं असेल तर तुमच्या हाताने लॉक उघडा, माझ्यासमोर दोन शब्द टाइप करा आणि बंद करा. ज्याला काच बदलण्यासाठी तुमचा पॅटर्न हवा असतो, त्याला एकतर कामाचा कंटाळा असतो नाहीतर नको तेवढी हौस. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की आता झोपेतून उठवलं तरी बोलेन.

माझं दुकान तळवलीत, एका चार मजली घराच्या खाली. आधी मी महापेच्या एका कंपनीत सर्किट बोर्डांना सोल्डरिंग करायचे. कंपनीने गाशा गुंडाळला, हातातली कला तशीच राहिली, म्हणून दुकान टाकलं. बाईने फोन दुरुस्त करायचा म्हटल्यावर पहिले काही महिने लोक काउंटरवर येऊन "मालक कुठे आहेत" असं विचारायचे. मग बायकांना शोध लागला की इथे फोन बाईच्या हातात जातो, आणि माझं चालायला लागलं. दुरुस्ती बरी करते म्हणून नव्हे, फोटो बघत नाही म्हणून. कारण काहीही असो, घर त्यावर चाललं.

लोकांना वाटतं या धंद्यात स्क्रू आणि काचा असतात. असतात, पण त्या निम्म्याच. उरलेलं निम्मं म्हणजे लोकांचं घर उघडं पडलेलं बघून मान दुसरीकडे वळवणं. फोनचं कव्हर काढलं की आत काय काय निघतं. गणपतीचा फोटो, बेलाचं पान, गोळ्यांची अर्धी पट्टी आणि हमखास एक चिठ्ठी, तिच्यावर एटीएमचा पिन. मी चिठ्ठी उलटी करून हातात देते आणि म्हणते, ही घरी ठेवा. पुढच्या वेळी ती त्याच कव्हरात असते, फक्त घडी जास्त बारीक घातलेली.

एकदा एक गृहस्थ बायकोचा फोन घेऊन आले. लॉक उघडून द्या म्हणाले. मी म्हटलं, त्यांना घेऊन या. ते म्हणाले, "माझीच बायको आहे." मी म्हटलं, "मग तुम्हीच विचारा तिला." फार चिडले. बाई भारी आगाऊ आहे असं सगळ्या आळीत सांगत फिरले. त्याने माझी जी जाहिरात झाली ती मला पैसे देऊनही करता आली नसती.

तर या असल्या कामात एक प्रकरण असं आलं की त्यात दुरुस्त करायला फोनच नव्हता. या दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला तेच आठवलं. त्यातली नावं मी बदलली आहेत. का, ते पुढे कळेलच.

आमच्या दुकानावरच्या घराचे मालक अण्णा. तळवलीतलं जुनं आगरी घर. शेती गेली, प्लॉट आले, खोल्या भाड्याने लागल्या. अण्णांचा मोबाईल म्हणजे घराचा नंबर. मुलगा जगदीश, सून, नात पल्लवी, अण्णांची बायको हिराआजी, प्रत्येकाच्या आधारला, बँकेला, गॅसला, लाइट बिलाला अण्णांचाच नंबर. घरात कर्ता माणूस एक, म्हणून नंबर एक. ओटीपी आला की अण्णा गॅलरीतून ओरडून सांगायचे आणि तो खाली मला, शेजारच्या किराणावाल्याला आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही कळायचा. मी एकदा म्हटलं, "अण्णा, हळू सांगा हो." ते म्हणाले, "लपवाचा कनाला? चोरी केलीय का आपुन?"

अण्णा गेले. त्यांचा फोन आजीने कपाटात ठेवला, चष्म्याशेजारी. वर्षश्राद्धापर्यंत जगदीश त्यावर आठवणीने रिचार्ज मारत होता, मग कधीतरी राहून गेलं. मधे एकदोनदा ओटीपी आला नाही, तेव्हा त्याने नेटवर्कला शिव्या दिल्या. पण कागदांवरचा नंबर बदलला नाही. बापाचं नाव खोडल्यासारखं वाटतं म्हणाला.

मग पल्लवीचं लग्न ठरलं. इथल्या लग्नात धवलारीण असते. ती लग्नाची गाणी म्हणते, धवले म्हणतात त्यांना, आणि त्यात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण देते. त्यांना बोलावल्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. जगदीशने लग्नाचा ग्रुप केला तेव्हा त्याच्या मनात हेच होतं. बाकी कोणाला घेण्याआधी त्याने ग्रुपमध्ये अण्णांचा नंबर टाकला आणि पत्रिका पाठवली. धवलारीण बोलवेल तेव्हा बोलवेल, आपलं आवतण पहिलं बापाला. मला हे नंतर कळलं, आणि खरं सांगते, मला हसू आलं नाही.

पुढे त्या ग्रुपवर सगळंच पडू लागलं. वऱ्हाडाच्या मुक्कामासाठी सगळ्यांची आधार कार्डं, दोन्ही बाजू. दागिने कोणत्या दिवशी घरी आणायचे. घराला कुलूप कधी लागणार आणि चावी कोणाकडे असणार. घरातलीच माणसं सगळी, मग झाकायचं कोणापासून.

एके दिवशी आजीने पल्लवीला सहज विचारलं, "अण्णांनी बगली का गो पत्रिका?" पल्लवीने आजीला हसवायला म्हणून मेसेज कोणी कोणी वाचला ते उघडलं. त्यात अण्णांचं नाव होतं.

त्या घरात पुढे काय झालं ते मला पल्लवीने सांगितलं. आजीने हात जोडले आणि देवघरात दिवा लावला. जगदीशला कळत होतं की हे असं असू शकत नाही, पण आईचा चेहरा बघून त्याने तिला थांबवलं नाही. पल्लवी म्हणाली, ताई, मला भीती वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं.

त्याच संध्याकाळी अण्णांच्या नावाने ग्रुपवर मेसेज आला. "हा नंबर आता माझा आहे. मला ग्रुपमधून काढा." कोणी उत्तर द्यायच्या आत खाली बारीक अक्षरात ओळ उमटली. अण्णांनी ग्रुप सोडला.

लग्नघरात बापाने आवतण घेऊन उठून जावं, तसं झालं ते. आजी जेवली नाही. एक चुलती म्हणाली, लगीन पुढं ढकला. आणि जगदीशचं डोकं फिरलं. त्याने तो नंबर नाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये टाकला, एका मुलीचं नाव आलं. प्रोफाइलवर तिचा फोटो होता. तो फोटो, ते नाव, तो नंबर, सगळं त्याने गावाच्या मोठ्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, "ही पोरगी फ्रॉड आहे. माझ्या वडिलांचा नंबर हॅक केला आहे. सगळीकडे पाठवा." आणि लोक असल्या बाबतीत फार आज्ञाधारक असतात.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच जगदीश आणि आजी पायरीवर उभे. जगदीशच्या हातात अण्णांचा जुना फोन.

"ताई, यो फोन हॅक झालाय. बगा जरा."

मी फोन चार्जिंगला लावला. त्यात काही झालेलं नव्हतं. सिम मेलेलं होतं एवढंच.

"जगदीशभाऊ, हा नंबर अण्णांचा नव्हताच कधी," मी म्हटलं. "कंपनीचा होता. तुमच्या वरच्या खोल्यांसारखं असतं हे. भाडं थांबलं की काही दिवस वाट बघतात, मग खोली रिकामी करतात, काही दिवस बंद ठेवतात आणि नव्या भाडेकरूला देतात. या मुलीने दुकानात जाऊन रीतसर सिम घेतलंय. पोस्टमन जुन्या भाडेकरूची पत्रं टाकत राहिला, तर त्यात नव्याचा काय दोष?"

खोल्या भाड्याने देणाऱ्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. जगदीश स्टुलावर बसला. म्हणजे आमचे सगळे ओटीपी तिच्याकडे जातात, म्हणाला. जातात, मी म्हटलं. बँकेचे पण? बँकेचे पण. आणि तुम्ही काय केलंत, जिच्या हातात घराच्या चाव्या आहेत तिलाच चोर म्हणून गावभर दवंडी पिटलीत. मी हे जरा जोरातच बोलले. माझा आवाज चढतो, काय करणार.

आजी काउंटरजवळ सरकली. ती म्हणाली, "बाय, म्हंजी ते नव्हते?"

"नाही आजी. ते नव्हते."

"आनि ते उठून बी नाय गेले?"

"नाही. ते कुठेच गेले नाहीत. ती मुलगी गेली, आणि तिने बरोबर केलं."

आजीने पदराने डोळे पुसले. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी त्या नंबरवर फोन केला. उचलला नाही. उचलेल कशी, सकाळपासून गावातली रिकामटेकडी पोरं फोन करत होती. मग मी मेसेज लिहिला: मी कोण, दुकान कुठे, चूक कोणाची, आणि तिला नको असेल तर मी पुन्हा त्रास देणार नाही. दुपारी वेगळ्याच नंबरवरून फोन आला. आवाज धारेवर धरणारा होता. येते म्हणाली, पण मी राहते कुठे ते विचारायचं नाही.

ती आली तेव्हा तोंडाला स्कार्फ होता, फक्त डोळे दिसत होते. द्रोणागिरीकडच्या एका गोदामात कामाला होती, असं मी इथे लिहिते, पण कामाची जागाही मी बदललेली आहे, तेव्हा कोणी तिथे शोधायला जाऊ नये. तिच्या बोलण्यावरून ती कुठल्या भागातली ते पहिल्या वाक्यात कळलं. ते बोलणं मी इथे माझ्या भाषेत लिहिणार आहे. बोलण्यावरूनही माणूस सापडतं.

आत येऊन ती आधी जगदीशशी बोललीच नाही. मला म्हणाली, "मॅडम, मी नवं सिम हौसेने घेतलं नव्हतं. गावाकडे एक जण आहे. लग्नाला नाही म्हटलं, तर जुन्या नंबरवर रोज धमक्या द्यायचा. माझा हा नंबर आईशिवाय कोणालाच माहीत नव्हता. आता यांच्यामुळे माझा फोटो, नाव आणि नंबर एका जागी फिरतोय. त्याच्यापर्यंत पोचला तर?"

जगदीशने खिशातून फोन काढला आणि ती पोस्ट पुसली. तिच्यासमोर पुसली, स्क्रीन तिला दाखवून. ती म्हणाली, "तुमच्याकडची गेली. बाकीच्यांकडची?" इतकी वर्षं मी लोकांना फोनमधून काही पुसून द्यायचं काम करते, पण दुसऱ्याच्या फोनात गेलेलं परत आणता येत नाही. माझ्या सोल्डरिंग गनलाही नाही.

मग तिने आपला फोन काउंटरवर ठेवला. सगळे मेसेज तसेच होते. बँकेचे, गॅसचे, विम्याचे, अण्णांच्या नावाने आलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा. "मला वाटलं कोणीतरी येईल घ्यायला," म्हणाली. "तुमची आधार कार्डंही त्या ग्रुपवर दिसली. मी उघडली नाहीत. मला दुसऱ्याचं उघडायची सवय नाही."

एवढ्यावर ती निघून गेली असती तर तिला कोणी काही म्हणू शकलं नसतं. पण नंबर बदलायचा म्हणजे जुन्या नंबरवर एकदा ओटीपी येतो. बँकेचं आणि आधारचं काम त्या त्या ठिकाणी जाऊन अंगठा देऊन करावं लागणार होतं. बाकी सगळं तिच्या हातात होतं. मी तिला विचारलं. ती स्टूल ओढून बसली.

मग जगदीश एकेक खातं उघडायचा, तिचा फोन वाजायचा, आणि ती आकडे वाचून दाखवायची. दुकान टाकल्यापासून मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे, ओटीपी कोणालाही सांगू नका. त्या भिंतीखाली बसून एक मुलगी तिला चोर म्हणणाऱ्या माणसाला ओटीपी सांगत होती. आवाज अगदी हळू. अण्णांच्या घरातले ओटीपी पहिल्यांदाच कोणी हळू वाचत होतं.

प्रत्येकाला आपापला नंबर लावला. आजीच्या गॅसला आजीचा. आजी म्हणाली, "मना नको बाय, मना काय कलतंय त्यातलं." मी म्हटलं, आजी, कळण्यासाठी नाही, तुमचं तुमच्याकडे असावं म्हणून. तिने मान हलवली.

जाताना ती मुलगी म्हणाली, हा नंबर मी सोडणार. खोली पण बदलणार. जगदीश म्हणाला, "ताई, माफ करा." तो तिला ताई म्हणाला, ती त्याच्या मुलीच्या वयाची. तिने स्कार्फ नीट केला. माफ केलं म्हणाली नाही, आणि ते मला पटलं. पोस्ट पुसून जे परत येत नाही ते माफीने तरी कुठून येणार?

नवा नंबर तिने मला दिला, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही या अटीवर. माझ्या फोनमध्ये तो टेम्पर्ड ग्लासवाला म्हणून सेव्ह आहे.

लग्न पुढे ढकललं नाही. हळदीच्या आधी आजी एकटीच दुकानात आली. "त्या पोरीला सांग बाय, आवतन अन्नांच्या नंबरला गेलं, ते तिला भेटलं. आमच्यात दिलेलं आवतन मागं घेत नाय. तिला यावंच लागंल."

मी म्हटलं, आजी, ती कशी येईल? तुमच्या मांडवात सगळ्यांचे फोन बाहेर असतात. व्हिडिओवाला सगळं लाइव्ह दाखवणार. तिला नेमकी त्याचीच भीती आहे.

आजी म्हणाली, "ते मी बगतंय. तू सांग फक्त."

मी निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. मला ते अपेक्षितच होतं.

हळदीला दुपारी मांडवात धवलारणीने धवले सुरू केले होते. एकेक नाव घेऊन आवतण चाललं होतं, त्यात अण्णांचं नाव आलं. मी मागच्या खुर्च्यांत बसले होते. तेवढ्यात बाजूच्या कनातीतून स्कार्फ बांधलेली ती आत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मला दिसली तशी आजीलाही दिसली. जगदीश स्वतः ताट घेऊन तिच्याकडे गेला आणि मांडवाकडे पाठ करून बसता येईल अशी खुर्ची त्याने भिंतीकडे वळवून दिली. जेवायचं म्हणजे तिला स्कार्फ सोडावा लागणार होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सोडला. ती जेवली, आजीच्या पाया पडली, कोपऱ्यातल्या वाटीतली हळद गालाला लावून घेतली आणि गेली. पुन्हा मी तिला पाहिलं नाही. टेम्पर्ड ग्लासवाल्याकडून सणाला एक मेसेज येतो, त्यावरून सगळं ठीक आहे असं मी समजते. तो माणूस तिच्यापर्यंत पोचला की नाही हे मला माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत होत नाही.

लग्नानंतर आजी व्हिडिओ घेऊन दुकानात आली. घरचे म्हणाले होते, व्हिडिओ बिघडलाय, मधेच सगळं पिवळं दिसतं. मी माझ्या मोठ्या स्क्रीनवर लावला. हळद, धवले, नवरीचे हात. मग कॅमेरा मांडवाच्या कोपऱ्याकडे, ती मुलगी जेवत होती तिकडे वळतो, आणि स्क्रीनभर पिवळं लुगडं येतं. बराच वेळ तेच. मागून व्हिडिओवाला ओरडतो, आजी बाजूला व्हा, आणि लुगडं जागचं हलत नाही.

"यात बिघाड काही नाही, आजी," मी म्हटलं. "तुम्हीच उभ्या आहात मधे."

"ते मना ठाव हाय," आजी म्हणाली. चष्मा वर करून ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि लुगड्याच्या कडेकडेने नीट बघत राहिली. "तू बग. मागं कोन दिसतं का?"

मी मागेपुढे करून दोनदा पाहिलं.

"नाही आजी. कोणी दिसत नाही."

"मंग बरं," आजी म्हणाली, आणि पदर सावरून घरी गेली.